रात्री जमीन कशी निवते त्यावरून मंगळावरची माती ओळखता येते म्हणतात, ते नेमकं कसं?

मागवाला

नमस्कार मंडळी.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. पॅनेलमध्ये कुठला कॉन्टॅक्ट ढिला झालाय, कुठल्या मोटारीचं बेअरिंग तापतंय हे बघायला माझ्याकडं टेम्परेचर गन असते. लाल ठिपका मारायचा, आकडा वाचायचा. घर मंद्रूपच्या अलीकडं. रान थोडंच आहे, पण त्यात सगळ्या जातीची जमीन आहे. खाली ओढ्याकडं काळी, मध्ये मुरमाड पट्टा, आणि वर विहिरीच्या कडेला उघडा कातळ.

गावातल्या शाळेत मी अधूनमधून पोरांना रात्री आकाश दाखवतो. दुर्बीण लहान आहे, पण मंगळ दाखवला की हमखास प्रश्न येतो, "तिथली माती कसली हो?" नुसतं "लाल" म्हणून त्यांची बोळवण करायला मला आवडत नाही. मागं कुठंतरी वाचलं होतं की मंगळाभोवती फिरणारी यानं जमिनीचं दिवसाचं आणि रात्रीचं तापमान मोजतात आणि त्यावरून धूळ कुठं, वाळू कुठं, खडक कुठं हे सांगतात. म्हटलं, गन तर आपल्याकडंही आहे. उन्हाळ्यात घरी गेलो की रानात मापं घ्यायला लागलो. त्यातले एका दिवसाचे आकडे खाली देतो. आभाळ निरभ्र होतं, वारा जवळजवळ नव्हता.

दुपारी दोनच्या सुमारास: नांगरून पडलेली काळी ६१, मुरूम ५६, बांधावरचा सुटा दगड ५४, विहिरीचा कातळ ५१, गोठ्याचा नवा पत्रा १७.

पहाटे पाचला: काळी २२, मुरूम २४, सुटा दगड २३, कातळ ३०, पत्रा उणे ४.

आता माझे प्रश्न.

पहिला. काळी माती काळीच आणि कातळही काळाच. मग दुपारी माती दहा अंश जास्त का तापते आणि पहाटे कातळापेक्षा आठ अंश गार का पडते? रंगावर सगळं असतं असं मी धरून चाललो होतो.

दुसरा, आणि मला खरा छळणारा. बांधावरचा दगड त्याच कातळातून निघालेला आहे. विहीर खणताना सुरुंगानं फुटलेला, साधारण नारळाएवढा. एकाच जातीचा दगड, एकाच उन्हात, एकाच आभाळाखाली. तरी पहाटे कातळ ३० आणि हा २३, म्हणजे जवळजवळ मातीएवढाच. असं असेल तर वरून बघणाऱ्या यानाला तो दगड आहे हे कळणार कसं?

तिसरा पत्र्याचा. दुपारी त्याला हात लावला की चटका बसतो आणि गन १७ दाखवते. पहाटे तर एप्रिलच्या सोलापुरात उणे! गन नवीन आहे, कारखान्यात बरोबर चालते.

आणि शेवटचा. हे सगळं शेकडो किलोमीटर वरून करून त्यावर विश्वास कितपत ठेवायचा?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. पोरांना सांगायचंय, त्यामुळं "असंच असतं" असं उत्तर चालणार नाही.

---

ढिला_कॉन्टॅक्ट

दादा, पत्र्याचं मी सांगतो. चिंचोली एमआयडीसीत माझं रोजचं काम थर्मल कॅमेऱ्यावरच आहे.

तुमची गन तापमान मोजत नाही. ती वस्तूकडून येणारे अवरक्त किरण मोजते आणि त्यावरून तापमान काढते. हे काढताना ती एक गोष्ट गृहीत धरते, की समोरची वस्तू तिच्या तापमानाला शक्य असलेल्या किरणांपैकी ९५ टक्के बाहेर टाकते. माती, दगड, लाकूड, रंग मारलेली भिंत, माणसाची कातडी यांना हे बऱ्यापैकी लागू पडतं. चकचकीत जस्ताच्या पत्र्याला अजिबात नाही. तो स्वतः जेमतेम पाव हिस्सा किरण टाकतो आणि बाकी समोर जे असेल ते आरशासारखं परत फेकतो. त्याच्या समोर आहे उघडं आभाळ. रात्री गन सरळ आभाळाकडं धरून बघा, शून्याच्या बरीच खाली जाईल. म्हणजे पत्र्यावर तुम्ही बहुतेक आभाळच मोजत होतात.

उपाय तुमच्या खिशातच आहे. काळी इन्सुलेशन टेप पत्र्याला चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरा. आम्ही तांब्याच्या बसबारवर तेच करतो. फक्त ठिपका टेपच्या बाहेर जाऊ देऊ नका. लाल ठिपका बारीक दिसतो, पण गन त्याच्याभोवतीचं मोठं वर्तुळ मोजत असते. साध्या गनला १२ सेंटीमीटर लांबून १ सेंटीमीटरचं वर्तुळ पडतं, मीटरभर लांबून आठेक सेंटीमीटरचं. टेपच्या अगदी जवळ जाऊनच माप घ्या.

मंगळाचं मला माहीत नाही. पण ९५ टक्क्यांचं गृहीत तिथं कोण तपासतं, हे जाणून घ्यायला मलाही आवडेल.

---

कातळशिल्पा

मागवाला दादा, आकडे वाचून फार आनंद झाला. मी सोलापुरातच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तुमच्या मापांत या विषयाचा जवळजवळ सगळा गाभा आलेला आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

रंगावरून सुरुवात करू. रंगावर ठरतं ते एवढंच, की पडलेल्या उन्हातलं किती आत घेतलं जाणार. घेतलेली उष्णता पुढं कुठं जाते हे रंग सांगत नाही. नांगरलेल्या कोरड्या काळीत ढेकळं, कण आणि मध्ये हवा. उष्णतेला खाली उतरायला वाटच नाही. ती वरच्या थरातच कोंडते, म्हणून दुपारी ६१. खाली काही साठवलेलं नाही, म्हणून सूर्य गेला की वरचा थर आपली उष्णता आभाळाकडं टाकून झपाट्यानं निवतो. कातळात उष्णता सहज खाली उतरते. त्यामुळं दुपारी वर कमी तापतं आणि रात्रभर खालची उष्णता वर येत राहते. पहाटेचे ३० अंश म्हणजे दुपारच्या उन्हाची शिल्लक.

या गुणाला औष्णिक जडत्व म्हणतात. पदार्थाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता, त्याची घनता आणि त्याची विशिष्ट उष्णता, या तिघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं. आपल्या दख्खनच्या बसाल्टसाठी, म्हणजे तुमच्या काळ्या कातळासाठी, हा आकडा २००० च्या आसपास येतो. तुमच्या कोरड्या नांगरटीचा मी अंदाज केला तर ५०० च्या घरात. मंगळावरच्या बारीक धुळीचा १०० च्या खाली असतो आणि चंद्राच्या धुळीचा सुमारे ५०.

मंगळ नि चंद्र इतके खाली का? हवेमुळं. आपल्याकडं दोन कणांच्या मधली हवासुद्धा थोडी उष्णता वाहून नेते. मंगळावर हवेचा दाब सरासरी ६ मिलिबार, म्हणजे आपल्या शंभरावा हिस्साही नाही. चंद्रावर हवाच नाही, तिथं कण जिथं एकमेकांना टेकलेत तेवढ्या टोकांतून जाईल तेवढंच. यात मंगळाची एक फार उपयोगाची गंमत आहे. एवढ्या विरळ हवेत कण जितका बारीक तितकी मधली फट लहान आणि तितकं वहन कमी. म्हणून जडत्वाचा आकडा हाती आला की कणांचा आकार काढता येतो. पिठासारखी धूळ आहे, वाळू आहे की खडे आहेत, हे कक्षेतून सांगता येतं. तुमच्या रानात हे इतकं स्वच्छ दिसणार नाही, कारण आपली दाट हवा, वारा आणि ओल तिन्ही मध्ये येतात.

आता तुमचा नारळाएवढा दगड. प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे.

चोवीस तासांच्या ऊन-सावलीची लाट जमिनीत किती खोल पोहोचते याचा हिशोब करता येतो. ज्या खोलीवर चढउतार वरच्यापेक्षा एक तृतीयांशाच्या आसपास उरतो, ती खोली कोरड्या मातीत साधारण ८ सेंटीमीटर येते आणि बसाल्टमध्ये साधारण १४ सेंटीमीटर. तुमच्या कातळाखाली आणखी कातळच आहे, त्यामुळं साठवायला हवी तेवढी जागा. सुट्या दगडाची उंचीच १०-१२ सेंटीमीटर असेल. तो दिवसभर आरपार तापतो, रात्री चारी बाजूंनी उष्णता टाकतो, आणि खालून भर घालायला फक्त कोरडी माती. पहाटेपर्यंत त्याची शिल्लक संपते. दगड तोच, पण पुरेसा जाड नाही.

आणि ग्रहांवरही हेच आहे. नासाचं एलआरओ यान २००९ पासून चंद्राभोवती फिरतंय. त्यावरचं डिव्हायनर नावाचं उपकरण रात्रीच्या तापमानावरून कुठं किती दगड आहेत याचे नकाशे करतं. पण त्यात धरले जातात ते साधारण मीटरभराचे किंवा त्याहून मोठे धोंडे. चंद्राची रात्र आपल्या चौदा दिवसांहून लांब, तिथं नारळाएवढा दगड पहिल्या काही दिवसांतच मातीत जमा होतो. म्हणजे यानाला तुमचा दगड दिसणार नाही, हे बरोबर. "इथं दगड नाहीत" असा निष्कर्ष कुणी काढला तर त्याचा अर्थ "मोठे दगड नाहीत" एवढाच घ्यायचा.

ही पद्धत किती जुनी आहे तेही पोरांना सांगा. १४ जून १९२७ च्या चंद्रग्रहणात एडिसन पेटिट आणि सेठ निकल्सन यांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतून चंद्राचं तापमान मोजलं. पृथ्वीची सावली पडल्यावर पृष्ठभाग तासाभरात दीडशे अंशांहून जास्त उतरला. उघडा कातळ असता तर असा कोसळलाच नसता. १९४८ मध्ये वेसेलिंक या डच खगोलशास्त्रज्ञानं त्यावरून गणित मांडलं, की चंद्रावर निर्वातात पडलेली बारीक धूळ असली पाहिजे. माणूस तिथं उतरायला अजून एकवीस वर्षं होती. पुढं १९६४ च्या डिसेंबरातल्या ग्रहणात शेकडो जागा आजूबाजूपेक्षा उबदार राहिलेल्या दिसल्या, त्यांत टायको विवर ठळक. तरुण विवर, धोंडे अजून धुळीत गाडले गेलेले नाहीत.

मंगळावर १९७६ च्या व्हायकिंग यानांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केलं. थारसिस आणि अरेबिया टेरा हे प्रचंड प्रदेश धुळीनं झाकलेले आहेत हे तेव्हाच कळलं. २००१ मध्ये निघालेल्या मार्स ओडिसीवरचा थेमिस कॅमेरा एका ठिपक्यात १०० मीटर जमीन बघतो. त्याची रात्रीची छायाचित्रं पोरांना जरूर दाखवा. त्यांत उघडा कातळ उजळ दिसतो आणि धूळ काळी. दिवसाच्या फोटोत एकसारखं वाटणारं विवर रात्रीच्या फोटोत अगदी वेगळं दिसतं.

एक विनंती. दुपारच्या मापापेक्षा पहाटेच्या मापावर जास्त भर द्या. दुपारी रंग, उताराची दिशा, सावली सगळंच आकड्यात मिसळतं. पहाटेपर्यंत यातलं बरंच मागं पडलेलं असतं.

ढिला_कॉन्टॅक्ट यांच्या ९५ टक्क्यांवर रात्री लिहिते, आत्ता तासाला जायचंय.

---

मागवाला

मॅडम, मनापासून आभार. दगडाच्या जाडीचं वाचल्याबरोबर डोक्यात लख्ख पडलं. विहिरीजवळच एक अर्धवट गाडलेला मोठा धोंडा आहे, बैलगाडीच्या चाकाएवढा. त्याचं पहाटेचं माप घेतो. तुमच्या हिशोबानं तो कातळ आणि सुटा दगड यांच्या मध्ये, कातळाच्या जवळ यायला पाहिजे.

टेप लावली. ढिला_कॉन्टॅक्ट भाऊ, दुपारी टेपवर ५८ आले आणि शेजारच्या उघड्या पत्र्यावर पुन्हा १८. चार बोटांच्या अंतरात ४० अंशांचा फरक! गोठ्यात सगळ्यांना बोलावून दाखवलं. आमच्या आईनं हात लावून खात्री केली आणि म्हणाली, टेपच खरं बोलतीय.

आता पुढचा प्रश्न. जडत्वावरून कण बारीक की मोठा हे कळलं. पण दगड कशाचा आहे, हे? पोरं विचारतात ते हेच. आणि चांद्रयान-३ नं जमिनीत काहीतरी खुपसून तापमान मोजलं होतं, ते याच कामासाठी का?

---

कातळशिल्पा

हो, त्याच कामासाठी, आणि ते आपण सगळ्यांनी अभिमानानं सांगावं असं काम आहे.

२३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरला. त्यावर चेस्ट नावाचं उपकरण होतं, तिरुअनंतपुरमची स्पेस फिजिक्स लॅबोरेटरी आणि अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी (पीआरएल) यांनी मिळून केलेलं. एका दांडीवर खालीवर बसवलेले तापमानाचे १० सेन्सर, आणि ती दांडी १० सेंटीमीटरपर्यंत मातीत घुसू शकेल अशी. इस्रोनं चार दिवसांतच पहिला आलेख प्रसिद्ध केला. वर ५० अंशांच्या पुढे आणि ८ सेंटीमीटर खाली उणे १० च्या आसपास! वीतभरही खोल नाही आणि साठ अंशांचा उतार. चंद्राच्या त्या भागातल्या मातीत आत शिरून घेतलेलं असं माप तोवर कुणाकडंच नव्हतं. कक्षेतून बघणाऱ्याला फक्त वरचा आकडा मिळतो, खालचं तो गणितानं काढतो. ते गणित बरोबर आहे का, हे असं खाली उतरूनच तपासता येतं.

आता दगड कशाचा. इथंच ते ९५ टक्के उपयोगी पडतात.

तुमची गन ८ ते १४ मायक्रॉन या लांबीच्या सगळ्या किरणांची एकत्र बेरीज करते. पण कुठलंही खनिज या सगळ्या लांबींना सारखंच किरण टाकत नाही. काही लांबींना ते हात आखडता घेतं. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्यातले बंध साधारण ८ ते १२ मायक्रॉनला थरथरतात, त्यामुळं तिथं आलेखात खळगा पडतो. गारगोटीत सिलिका जास्त, तिचा खळगा कमी लांबीच्या बाजूला. आपल्या बसाल्टमधल्या पायरोक्सिनचा जास्त लांबीच्या बाजूला. फेल्डस्पारचा आणखी वेगळा. म्हणजे गनमध्ये जो दोष वाटला तीच खनिजांची ओळख आहे. फक्त बेरीज न करता प्रत्येक लांबी वेगळी मोजायची. पत्र्यावर तुम्हाला १७ दिसले, त्यातून "इथं धातू आहे" हे शोधून काढण्यासारखंच हे.

मार्स ग्लोबल सर्व्हेयर यान १९९७ मध्ये मंगळाला पोहोचलं, त्यावर टीईएस नावाचं असं उपकरण होतं. त्याचे प्रमुख अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे फिलिप क्रिस्टेन्सन. थेमिसही त्यांचंच. टीईएसचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर साधारण तीन किलोमीटर. बहुतेक ठिकाणी त्याला बसाल्टच दिसला. म्हणजे पोरांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हेच. लाल धुळीखाली मंगळावर मोठ्या प्रमाणात आहे तो आपल्या विहिरीत लागतो त्याच जातीचा दगड, ज्वालामुखीतून आलेला.

पण विषुववृत्ताजवळ मेरिडियानी नावाच्या सपाट भागात वेगळेच खळगे आले, हेमॅटाइटचे. हे लोहाचं खनिज, आणि इथं त्याचे कण भरड होते. गंजाच्या धुळीसारखे नव्हते. असं हेमॅटाइट बहुतेकदा पाण्याच्या सहवासात तयार होतं. तेवढ्या पुराव्यावर अपॉर्च्युनिटी गाडी तिथं पाठवायचं ठरलं. जानेवारी २००४ मध्ये ती उतरली आणि आजूबाजूला जमिनीवर काही मिलिमीटरच्या गोल गोळ्या विखुरलेल्या सापडल्या, हेमॅटाइटच्या. त्यांच्या खालचे थर पाण्यात भिजून गेलेले होते हेही तिथंच कळलं. शेकडो किलोमीटर वरून, निव्वळ जमिनीच्या उष्णतेवरून केलेलं भाकीत गाडीच्या चाकाखाली खरं ठरलं. वर्गात हे सांगताना मला आजही भरून येतं.

---

उल्कापाषाण

मी मूळ बार्शीचा, सध्या पुण्यात एमएस्सी करतोय. मॅडमनी इतकं छान लिहिलंय की भर घालायला भीती वाटते. पण विश्वास कितपत ठेवायचा या प्रश्नावर लिहायलाच हवं, कारण एक मोठं उदाहरण आहे.

बेन्नू हा लहानसा लघुग्रह. नासाचं ओसायरिस-रेक्स यान त्याची माती आणायला निघालं त्याआधी दुर्बिणींतून त्याचं औष्णिक जडत्व मोजलेलं होतं. आकडा मध्यम, सुमारे ३१०. त्यावरून अपेक्षा केली गेली की पृष्ठभागावर सेंटीमीटरभराचे बारीक खडे असतील आणि उतरायला मोकळ्या सपाट जागा मिळतील. डिसेंबर २०१८ मध्ये यान पोहोचलं तर जिकडं बघावं तिकडं धोंडेच. घराएवढे, त्याहूनही मोठे! उतरायला जागा शोधताना त्या लोकांना फार झगडावं लागलं. शेवटी २० ऑक्टोबर २०२० ला अगदी छोट्या जागेवर टेकून माती उचलली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ती पृथ्वीवर आली.

मग जडत्व चुकलं का? माप बरोबर होतं. धोंडेच वेगळे निघाले. ते आतून सच्छिद्र आहेत, त्यांच्यातून उष्णता नीट वाहत नाही. जपानच्या हायाबुसा-२ नं र्‍युगू लघुग्रहावर ऑक्टोबर २०१८ मध्ये मॅस्कॉट नावाचं छोटं उपकरण टाकलं होतं. त्यानं एका धोंड्याचं तापमान दिवस-रात्र जवळून मोजलं. तिथंही जडत्व ३०० च्या आतच. धोंडा अख्खा, पण वागतो खडीसारखा.

सांगायचं ते हे की एका आकड्याला एकच उत्तर नसतं. ३०० म्हणजे भरड वाळू असेल, पोकळ धोंडा असेल, किंवा थोडी धूळ आणि मध्ये मध्ये कातळ अशी सरमिसळही असेल. मागवाला काका, तुम्ही मीटरभर लांबून गन धरली आणि वर्तुळात निम्मी काळी, निम्मा कातळ आला तर मुरमासारखा आकडा येईल, आणि मुरूम तिथं नसेलच. टीईएसच्या तीन किलोमीटरच्या ठिपक्यात काय काय मावत असेल! म्हणून फोटो, रडार, वर्णपट आणि शक्य असेल तिथं प्रत्यक्ष उतरणं, हे सगळं एकत्र ठेवूनच निष्कर्ष काढतात.

---

मंगळवेढ्याची_काळी

धागा दोनदा वाचून काढला. मी शेतकरी आहे, शिकलेला नाही फार. पण एक विचारतो.

आमच्या भागात ज्वारीची जुनी पेवं आहेत, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले खोल खड्डे. माझ्या लहानपणी वडील त्यात उतरायचे. वर रणरणतं ऊन असलं तरी खाली एकच हवा, बारा महिने. मॅडम म्हणतात रोजची ऊब वीतभरसुद्धा खाली जात नाही. मग त्याच्या खालचं वरून कधीच कळणार नाही का? आमचं रान वरून कोरडं ठाक दिसतं पण हातभर खाली ओल असते, त्या ओलीवरच तर रब्बीची ज्वारी येते. मंगळावर असं वर कोरडं आणि खाली काही वेगळं असलं तर?

---

कातळशिल्पा

काका, फार सुंदर विचारलंत.

रोजची लाट वीतभर जाते, पण वर्षाचीही एक लाट असते, उन्हाळा-हिवाळ्याची. काळ जितका लांब तितकी लाट खोल, मात्र वर्गमुळाच्या हिशोबानं. ३६५ चं वर्गमूळ १९. म्हणजे ज्या मातीत रोजची लाट ८ सेंटीमीटर जाते, तिथं वर्षाची दीड मीटरपर्यंत जाईल. पेव त्याच्याही खाली, म्हणून तिथं बारा महिने एकच हवा.

मंगळावर हीच युक्ती वापरतात. एका दिवसाचं माप न घेता ऋतूंवर लक्ष ठेवायचं. मंगळाचं वर्ष आपल्या ६८७ दिवसांचं आहे. ध्रुवांकडच्या प्रदेशात वरची माती कोरडी आणि भुसभुशीत, तिचं रोजचं वागणं धुळीसारखं. पण उन्हाळा संपून हिवाळा येताना ती जमीन अपेक्षेपेक्षा सावकाश निवते. खाली कशात तरी उष्णता साठलेली आहे, खडकासारख्या घट्ट गोष्टीत. ती गोष्ट म्हणजे गोठलेलं पाणी. वरची कोरडी माती किती जाड आहे याचा अंदाजही या ऋतूंच्या मापांतून येतो. मे २००८ मध्ये फिनिक्स यान उत्तर ध्रुवाजवळ उतरलं आणि त्याच्या हातानं वरची माती खरवडली. काही सेंटीमीटरखाली बर्फ लागला.

तुमच्या रानातली ओल मात्र गनवर वेगळ्या तऱ्हेनं दिसेल. पाणी बाष्प होऊन उडताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळं ओली जमीन दुपारी भलतीच गार दिसते आणि जडत्वाचा हिशोब बिघडतो. मागवाला दादा, पाणी दिलेल्या वाफ्याचं माप तक्त्यात घेतलंत तर वेगळ्या रकान्यात ठेवा.

---

मागवाला

धोंड्याचं माप घेतलं. पहाटे २८ आले. कातळ त्या दिवशी २९, सुटा दगड २३. मॅडमनी सांगितलं तसंच!

आता शाळेत असं ठरवलंय. मैदानात पोरांनी जागा नक्की करायच्या: माती, वाळूचा ढीग, शहाबादी फरशी, पायरीचा घडीव दगड. प्रत्येक जागेवर चुन्याची खूण करायची, म्हणजे रोज माप त्याच जागेवर पडेल. गन एकाच उंचीवरून सरळ खाली धरायची. संध्याकाळी ऊन गेल्यापासून दर तासाला आकडा, आणि पहाटेचा शेवटचा. आलेख पोरंच काढणार. मग कागद उलटा करून, जागांची नावं न सांगता, दुसऱ्या वर्गाला नुसता आलेख द्यायचा आणि विचारायचं, यातली फरशी कुठली, वाळू कुठली. उल्कापाषाण यांच्या सांगण्यावरून एक जागा मुद्दाम सरमिसळीची ठेवणार आहे, अर्धी माती अर्धी फरशी, त्याशिवाय पोकळ विटांचा एक तुकडा. बघू पोरं फसतात की ओळखतात.

मंगळवेढ्याच्या काकांना विनंती. तुमच्याकडं एखादं पेव अजून उघडं असेल आणि आत उतरायला सुरक्षित असेल तर कळवा. आधी दिवसभर तोंड उघडं ठेवून आत हवा खेळू द्यायची आणि मोठ्या माणसांनीच उतरायचं, हे मला माहीत आहे. गन घेऊन मी स्वतः येतो.

बार्शी, माढा, सांगोल्याकडं कुणाकडं अशी गन असेल तर त्यांनीही काळी, मुरूम आणि कातळ यांची पहाटेची मापं इथं टाकावीत. सोबत वेळ, आभाळ कसं होतं, वारा होता का, आणि जमीन कोरडी होती की ओली, एवढं लिहा. पाऊस सुरू व्हायच्या आत झालं तर बरं.